सॉर्बे: फळ मोसमाचं, हिशोब साखरेचा

सॉर्बेत दूध नसतं, साय नसते, अंडं नसतं. फळाचा गर, साखर, थोडं आंबट आणि लागलंच तर पाणी, एवढाच कारभार. आइस्क्रीम मऊ ठेवायला स्निग्धांश मदतीला असतो. इथे सगळं ओझं साखरेच्या डोक्यावर. म्हणून घरचा सॉर्बे बिघडतो तो बहुतेक वेळा दोन तऱ्हांनी. एकतर चमचा वाकेल असा दगड होतो, नाहीतर रात्रभर फ्रीझरमध्ये राहूनही लापशीसारखा सैल राहतो. दोन्ही वेळा चूक साखरेच्या मापात असते.

हे माप वाटीने सांगता येत नाही, खरी अडचण इथे आहे. 'तीन वाट्या गर, एक वाटी साखर' असं लिहिणाऱ्याच्या हातातलं फळ आणि तुमच्या हातातलं फळ एक नसतं. मोसमाच्या सुरुवातीचं फळ आंबट, ऐन मोसमातलं गोड, शेवटचं बऱ्याचदा पाणचट. तीच स्ट्रॉबेरी, पण १०० ग्रॅममागे साखर कधी ५ ग्रॅम, कधी ८. मोसमी फळाचा सॉर्बे करायचा तर वजनकाटा हवा आणि पाच मिनिटं बसून करायचा हिशोब हवा. तेवढं जमलं की बाकीचं काम सोपं आहे.

(जाता जाता: सॉर्बे आणि सरबत हे शब्द एकाच घरातले. अरबीत 'पिणं' या अर्थाच्या धातूपासून निघून तुर्की आणि इटालियन वाटेने एक शब्द सॉर्बे झाला, दुसरा फारसीतून आपल्याकडे सरबत झाला. कृतीही तशीच आहे. घट्ट, जरा जास्त गोड सरबत करायचं आणि ते गोठवायचं.)

साखर नक्की काय करते

नुसतं पाणी शून्य अंशाला गोठतं. त्यात साखर विरघळली की गोठण्याचा बिंदू खाली सरकतो. सुमारे २७ टक्के साखर असलेलं मिश्रण उणे २ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, पण एकदम गोठत नाही. थोडं पाणी बर्फ झालं की उरलेल्या पाण्यात साखर आणखी दाट होते, मग त्याला गोठायला आणखी थंडी लागते, असं करत करत घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांनाही थोडा दाट पाक पातळच राहतो. बर्फाचे बारीक कण आणि त्यांच्यामधून वंगणासारखा फिरणारा हा पाक, यालाच आपण मऊ सॉर्बे म्हणतो.

मिश्रणाच्या एकूण वजनात साखर २५ ते ३० टक्के असली की काम होतं. यात फळातली साखरही धरायची. २० टक्क्यांच्या खाली गेलात तर बर्फाची लादी मिळते, ३३ च्या वर गेलात तर सॉर्बे नीट गोठून बसतच नाही. मध्यावर, २७ टक्क्यांवर नेम धरा.

हिशोब असा. गर, पाणी आणि लिंबाचा रस यांचं एकूण वजन करा. त्याला ०.२७ ने गुणा. त्यातून फळात आधीच असलेली साखर वजा करा. जे उरेल त्याला ०.७३ ने भागा. उत्तर येईल तेवढे ग्रॅम साखर वरून घालायची.

उदाहरणार्थ, स्ट्रॉबेरीचा गर ५०० ग्रॅम आणि लिंबाचा रस १५ ग्रॅम, मिळून ५१५. गुणिले ०.२७ म्हणजे १३९. स्ट्रॉबेरीत १०० ग्रॅममागे ५ धरले तर ५०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम साखर. १३९ वजा २५, उरले ११४. भागिले ०.७३, आले १५६. १५५ ते १६० ग्रॅम साखर घाला.

शेवटी ०.७३ ने का भागायचं, असा प्रश्न पडेल. वरून घातलेली साखर एकूण वजनातही भर घालते, म्हणून. ही पायरी गाळली तर साखर कमी पडते, आणि 'हिशोब करूनही कडक झालं' ही तक्रार बहुतेक इथूनच येते.

पिकलेल्या फळात १०० ग्रॅममागे ढोबळ साखर अशी धरा: कलिंगड ६, स्ट्रॉबेरी ५, पीच ८, पपई ८, पेरू ९, संत्र्याचा रस ९, अननस १०, प्लम १०, डाळिंब १३ ते १४, आंबा १४ ते १५, द्राक्षं १५ ते १६. लिंबाच्या रसात जेमतेम २ ते ३. तोंडात टाकल्यावर फळ नेहमीपेक्षा फिकं लागलं तर यातून एक-दोन कमी करा, खूप गोड असेल तर एक-दोन वाढवा. ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेचं शेकडा प्रमाण, मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर हाताशी असेल तर अंदाजाची गरजच नाही. थेंबभर गर त्याच्या काचेवर ठेवायचा, आकडा वाचायचा, आणि वरच्या हिशोबात तो साखरेच्या जागी धरायचा.

उपकरण नसेल तर जुनी अंड्याची परीक्षा आहे. ताजं अंडं कवचासकट स्वच्छ धुऊन, पुसून तयार मिश्रणात अलगद सोडा. बुडालं तर साखर कमी आहे. तरंगलं आणि वर कवचाचा सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदीचा, नाण्याएवढा गोल उघडा दिसला तर मिश्रण बरोबर आहे. अर्धं अंडंच वर आलं तर साखर जास्त झाली, पाणी किंवा गर घाला. दोन अटी मात्र पाळा. अंडं ताजंच हवं, कारण शिळ्या अंड्यातली हवेची पोकळी मोठी होते आणि ते पातळ मिश्रणातही तरंगून फसवतं. आणि ही परीक्षा गाळलेल्या रसात करा. आंब्याच्या किंवा पेरूच्या दाट गरात अंडं नुसतं रुतून बसतं, त्यातून काही कळत नाही.

फळ निवडताना

खायला उत्तम ते सॉर्बेला उत्तम, आणि किंचित जास्त पिकलेलं असेल तर आणखी बरं. थंडीत जीभ मंदावते. वासही कमी येतो आणि गोडीही कमी लागते. म्हणून ज्या फळाला हातात घेतल्यावर वास नाही, त्याला गोठल्यावर चवही नसणार. रंगावर भुलू नका. मोसमात फळ आणण्याचा फायदा इथे आहे: झाडावर पिकलेलं, जवळून आलेलं फळ वासाने भरलेलं असतं, आणि भरपूर असल्यामुळे मऊ पडलेली, ठोकर लागलेली फळंही मिळतात. ठोकर लागलेला भाग कापून टाकला की चालतं. बुरशी दिसली किंवा आंबूस, दारूसारखा वास आला तर ते फळ वापरू नका.

फळ कापण्याआधी धुवायचं, नंतर नाही. स्ट्रॉबेरीचं देठ काढायच्या आधी धुवा, नाहीतर ती पाणी पिते आणि तुमचा हिशोब चुकतो.

वजन नेहमी गराचं धरा, फळाचं नाही. आंब्याची साल-कोय आणि अननसाची साल-दांडा जाऊन साधारण निम्मा माल हाती येतो, संत्र्याचा रस निम्म्यापेक्षाही कमी निघतो. अर्धा किलो गर हवा तर किलोभर फळ आणा.

साखर विरघळवणं

दोन वाटा आहेत. पहिली पाकाची. साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, उकळी फुटली की बंद. तार यायची अजिबात गरज नाही, तार आली म्हणजे पाणी उडालं आणि माप हुकलं. पाक पूर्ण गार करून मगच गरात घाला. गरम पाक ओतला की ताज्या फळाला मुरांब्याची चव येते, आणि ती मग कशानेच जात नाही.

पण पाकासोबत पाणीही येतं, आणि स्ट्रॉबेरी, कलिंगड, संत्रं यांच्यात पाणी आधीच भरपूर असतं. त्यांच्यासाठी दुसरी वाट चांगली. चिरलेल्या फळावर कोरडी साखर आणि लिंबाचा रस घालून झाकून तासभर ठेवा. फळाला पाणी सुटतं, त्यातच साखर विरघळते, आग पेटवावीच लागत नाही. मग मिक्सरमधून काढा. दाट गराची फळं, म्हणजे आंबा, पेरू, केळं, यांना मात्र पाणी लागतंच. ते पाकातून द्या.

मिश्रण दोन बोटांत चोळून बघा. कण लागला तर साखर अजून विरघळलेली नाही.

मिक्सर किती वेळ फिरवायचा, हे बियांवर ठरतं. द्राक्षाच्या आणि कलिंगडाच्या बिया भरडल्या गेल्या की कडवट, तुरट चव उतरते, म्हणून त्या आधीच काढा. स्ट्रॉबेरी थांबत थांबत फिरवा आणि बिया नको असतील तर बारीक चाळणीतून डावाच्या पाठीने दाबून गाळा. पेरू शिजवून गाळलेला बरा. तंतू असलेल्या आंब्याचा गरही चाळणीतून काढा, नाहीतर गोठल्यावर ते दोरे दातात येतात.

आंबट, मीठ आणि अंग

लिंबाचा रस ५०० ग्रॅम गराला १५ ते २० ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर. २७ टक्के साखरेचं मिश्रण आंबटाशिवाय सरबताच्या अर्कासारखं मिठ्ठ लागतं. लिंबामुळे पीच, पेरू, केळं काळी पडण्याचा वेगही कमी होतो. मीठ एक चिमूट, खारट लागणार नाही इतकंच, पण ते विसरू नका.

चव गोठवायच्या आधी घ्यायची आणि ती जरा जास्तच वाटली पाहिजे. खोलीच्या तापमानाला 'थोडं जास्तच गोड झालं, जरा जास्तच आंबट झालं' असं म्हणाल, तर गोठल्यावर ते बरोबर लागेल. आत्ताच छान लागतंय तर नंतर फिकं लागणार.

गोडी कमी हवी म्हणून साखर कमी करू नका, आंबट वाढवा. तरीही जास्त वाटलं तर साखरेचा पाचवा हिस्सा काढून तेवढंच किंवा थोडं जास्त लिक्विड ग्लुकोज (बेकरीत वापरतात तो दाट, चिकट पाक) घाला: १६० ग्रॅम साखरेऐवजी १२५ ग्रॅम साखर आणि ४० ते ४५ ग्रॅम लिक्विड ग्लुकोज. त्याची गोडी साखरेपेक्षा बरीच कमी असते, ते चिकट असल्याने बर्फाचे कण वाढायला अडथळा होतो आणि सॉर्बेला अंग येतं. मध घालायचा तर साखरेच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. त्यातली साखर बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आहे, आणि त्या दोन्ही वजनाला वजन धरून साध्या साखरेच्या जवळपास दुप्पट जोराने गोठणबिंदू खाली ओढतात. पूर्ण मधावर केलेला सॉर्बे वितळलेलाच राहतो. साखरेऐवजी वापरायच्या कृत्रिम गोडीच्या गोळ्या आणि थेंब इथे काही कामाचे नाहीत. ते गोडी देतात, वजन देत नाहीत, आणि हाती बर्फच येतो.

पाणचट फळांना घट्टपणासाठी काहीतरी द्यावं लागतं. सगळ्यात सोपं म्हणजे कॉर्नफ्लोअर: सपाट दोन छोटे चमचे, १०० ग्रॅम रसात किंवा पाण्यात गार असतानाच कालवून, ढवळत उकळी आणून, पारदर्शक झालं की गार करून मिसळायचं. ग्वार गम किंवा झँथन गम असेल तर किलोभर मिश्रणाला १ ते २ ग्रॅम पुरे. तो थेट रसात टाकला तर गुठळ्या होतात. आधी दोन-तीन चमचे कोरड्या साखरेत नीट मिसळा, मग मिक्सर चालू असताना भुरभुरवा. हात सैल सुटला तर सॉर्बे च्युइंगगमसारखा ताणला जातो. जिलेटिन वापरणार असाल तर अननस, पपई, किवी यांचा कच्चा रस त्याला मोडून टाकतो. ही फळं आधी उकळावी लागतात, त्यापेक्षा जिलेटिनच नको.

गोठवणं

इथला सगळा खेळ वेगाचा. मिश्रण जितकं झटपट गोठेल तितके बर्फाचे कण बारीक राहतात. सावकाश गोठलं की थोडेच कण तयार होतात आणि तेच मोठे होत जातात, मग जिभेला कचकच लागते. म्हणून मिश्रण आधी फ्रिजमध्ये किमान चार तास, जमल्यास रात्रभर, ४ अंशांपर्यंत गार करा. घाई असेल तर पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा. कोमट मिश्रण गोठवायला घातलं की पुढचं सगळं बिघडतं, मग यंत्र कितीही भारी असो.

यंत्र असेल तर: गोठवायचं भांडं २४ तास फ्रीझरच्या तळाशी ठेवा. कानाशी धरून हलवा. आत द्रव खळखळला तर ते अजून तयार नाही. भांडं दोन-तृतीयांशच भरा. पाती फिरायला लागल्यावर मग मिश्रण ओता, आधी नाही, नाहीतर भिंतीवर थर गोठून पाती अडकते. २० ते ३० मिनिटांत यंत्राचा आवाज जड होतो, रंग थोडा फिका पडतो आणि पातीमागे पडलेली वाट लगेच बुजत नाही. तिथेच थांबा. आता तो मऊ आहे, खायला लगेच छान, पण गोळा धरणार नाही. आधीच फ्रीझरमध्ये गार करून ठेवलेल्या पसरट स्टीलच्या डब्यात भरा आणि तीन-चार तास गोठवा.

यंत्र नसेल तर तीन मार्ग.

परातीचा मार्ग. फ्रीझर सगळ्यात थंड खुणेवर दोन-तीन तास आधीच लावून ठेवा. गार मिश्रण पसरट स्टीलच्या ताटलीत दोन-अडीच सेंटिमीटर जाडीने ओता. धातू थंडी लवकर देतो. काच आणि प्लॅस्टिक हळू. पाऊण तासाने उघडलं की कडेला बोटभर रुंदीची पट्टी गोठलेली दिसेल, मध्ये नुसतं पाणी. काट्याने कडेचं खरवडून मध्ये ओढा, फेटा, पुन्हा पसरा. दर अर्ध्या तासाने हेच. तिसऱ्या वेळी सगळं ओल्या बर्फाच्या चुऱ्यासारखं होतं, पाचव्या-सहाव्या वेळी काटा जड होतो आणि ओढलेल्या रेघा तशाच राहतात. साडेतीन ते चार तास जातात. एकदा जरी विसरलात तरी कण मोठे होतात. उत्तम मानला तरी हा मार्ग थोडा रवाळच राहतो.

ठोकळ्यांचा मार्ग. आमच्या मते घरच्या स्वयंपाकघरात हाच सर्वात भरवशाचा. मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून सहा ते आठ तास गोठवा. २७ टक्के साखर असेल तर हे ठोकळे दगड होत नाहीत, नखाने दाबलं तर खूण पडते. मूठभर-मूठभर ठोकळे फूड प्रोसेसरच्या गार केलेल्या भांड्यात टाकून झटके देत फिरवा. आधी वाळूसारखा चुरा होतो, मग बाजूंना चिकटतो. झाकण काढून खाली ढकला आणि पुन्हा फिरवा. दोन-तीन मिनिटांत अचानक सगळं एकजीव होऊन मऊसूत लोण्यासारखं फिरायला लागतं. अडकलंच तर एक-दोन चमचे गार रस घाला, जास्त नाही. लगेच गार डब्यात भरा आणि दोन तास पुन्हा गोठवा. साध्या, पाणी घातल्याशिवाय न फिरणाऱ्या मिक्सरवर याचा जोर पडतो, मोटर तापते. थोडं थोडं घ्या आणि मध्ये थांबा.

बर्फ-मिठाचा मार्ग थोड्या प्रमाणाला ठीक. तीन भाग बर्फाचा चुरा आणि एक भाग जाडं मीठ, वजनाने; तापमान उणे १५ च्या खाली सहज जातं. मोठ्या भांड्यात हे भरून त्यात मिश्रणाचं उभं स्टीलचं भांडं रोवा आणि कडा सतत खरवडत २० ते ३० मिनिटं ढवळा. उघड्या हाताने त्या बर्फाला हात लावू नका, कातडी चिकटते आणि भाजल्यासारखी होते. बर्फाची पातळी आतल्या भांड्याच्या काठापेक्षा खाली ठेवा. मिठाचं एक थेंब पाणी आत गेलं तरी चव जाते.

फळांची प्रमाणं

आंबा: गर ५००, पाणी १५०, साखर १४०, लिंबाचा रस २० ग्रॅम. पाण्याची कुचराई करू नका. आंब्याचा नुसता गर गोठला की सॉर्बे न होता जड, चिकट गोळा होतो.

स्ट्रॉबेरी: गर ५००, साखर १६०, लिंबू १५, पाणी नाही.

अननस: गर ५००, साखर १२०, लिंबू १०. मिक्सरमध्ये फेस खूप येतो. अर्धा तास फ्रिजमध्ये निवू द्या, गाळा, मग गोठवा.

संत्रं: रस ५००, साखर १२५, लिंबू १५. सालीचा फक्त रंगीत पापुद्रा किसून आधी साखरेत चोळा आणि अर्धा तास ठेवा; साखर पिवळसर, ओलसर होते आणि सगळा वास तिच्यात उतरतो. पांढरी साल किसली गेली तर कडू होणार.

लिंबू: रस १५०, पाणी ४००, साखर २२०. इथे २९ टक्क्यांपर्यंत जावंच लागतं, कारण आंबट फार. रस त्याच वेळी पिळलेला हवा.

द्राक्षं: गाळलेला रस ५००, साखर ६५, लिंबू २०. यात मुद्दाम २५ टक्क्यांवर थांबलो आहोत. द्राक्षातली साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच आहे, त्यामुळे २७ टक्क्यांना सॉर्बे सैल पडतो.

कलिंगड हे सगळ्यात अवघड फळ. रस ६००, साखर १८०, लिंबू २० हा हिशोब बरोबर असूनही तो रवाळ होतो, कारण त्यात धरून ठेवणारा गर जवळजवळ नाही. रस आटवला तर काकडी-भोपळ्याच्या अंगाने जाणारा वास येतो, तेव्हा तो मार्ग बंद. कॉर्नफ्लोअरची खळ किंवा ग्वार गम इथे घालाच, साखरेतला पाचवा हिस्सा लिक्विड ग्लुकोजचा असू द्या, आणि ठोकळ्यांचा मार्ग निवडा.

पेरू: शिजवून गाळलेला गर ४००, पाणी २००, साखर १७५, लिंबू २०. पेरूत पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला घटक) भरपूर असल्यामुळे काहीही न घालता लोण्यासारखा मऊ होतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने पेरू किंवा आंब्यापासून सुरुवात करावी. ही फळं चुका पोटात घालतात.

प्लम सालीसकट शिजवा, रंग सालीत असतो. बिया काढून ५०० ग्रॅम फोडी आणि ६० ग्रॅम पाणी, आठ-दहा मिनिटं मंद आचेवर, मग गाळा आणि गाळलेल्या गराचं वजन करून हिशोब करा. आंबट फळं ॲल्युमिनियम किंवा पितळेच्या भांड्यात शिजवू नका, स्टील घ्या.

बिघडला तर

सॉर्बेची एक चांगली गोष्ट अशी की जवळजवळ प्रत्येक चूक वितळवून दुरुस्त करता येते. फ्रिजमध्ये वितळू द्या, बाहेर ओट्यावर नाही.

दगड झाला असेल तर साखर कमी पडली. वितळलेल्या मिश्रणाचं वजन करा, दर ५०० ग्रॅमला ३० ग्रॅम साखर थोड्याशा त्याच रसात कोमट करून विरघळवा, गार करून मिसळा, पुन्हा गोठवा. मात्र आधी एवढं बघा की फ्रीझर उणे २२-२४ वर तर नाही ना. तितक्या थंडीत चांगला सॉर्बेही कडक असतो, आणि दहा मिनिटं बाहेर ठेवल्यावर सुटतो.

बसतच नसेल तर साखर जास्त झाली, किंवा त्यात दारू घातली आहे. ४० टक्क्यांची दारू ५०० ग्रॅम मिश्रणाला मोठा चमचाभर चालते, मऊपणाही देते. त्यापुढे ती गोठू देत नाही. गर किंवा पाणी वाढवा.

डब्याच्या तळाला पाक आणि वर कोरडा बर्फ असं झालं, तर ढवळणं लवकर थांबलं, किंवा मिश्रणाला अंग नव्हतं. वितळवून चिमूटभर गम घाला.

कचकचीत पण चवीला बरोबर असेल तर वितळवायचीही गरज नाही. तुकडे करून फूड प्रोसेसरमध्ये एकदा फिरवा आणि परत भरा.

ठेवणं आणि वाढणं

डबा काठोकाठ भरा किंवा वर बटर पेपर थेट सॉर्बेला चिकटवून दाबा, मग झाकण लावा. मोकळ्या हवेत वरचा थर सुकतो आणि बर्फाची लव धरते. डबा फ्रीझरच्या दारात ठेवू नका, मागे आत ठेवा. दार उघडझाप झाली की बारीक कण थोडे वितळतात आणि पुन्हा गोठताना मोठ्या कणांना जाऊन मिळतात. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये हे रोजच घडतं. त्यामुळे महिनाभर टिकला तरी पोत पहिल्या आठवड्यातलाच खरा. दोन आठवड्यांत संपवा.

मोसम संपल्यावरही सॉर्बे हवा असेल तर सॉर्बे साठवू नका, गर साठवा. लिंबाचा रस घालून, मोजून ५००-५०० ग्रॅमच्या पिशव्या चपट्या करून गोठवा आणि वर फळाचं नाव, तारीख आणि मोजलेला ब्रिक्स लिहा. सहा-आठ महिने राहतो. करायच्या आदल्या रात्री पिशवी फ्रिजमध्ये काढा आणि सकाळी हिशोब मांडा.

वाढायच्या आधी डबा पाच-दहा मिनिटं बाहेर किंवा वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. उणे १२ च्या आसपास तो नीट सुटतो आणि चवही कळते. वाट्या मात्र फ्रीझरमध्ये गार करून घ्या. खोलीच्या तापमानाच्या काचेच्या वाटीत पहिला गोळा पडताच तळाला पाणी सुटतं.